सात दिवस, सहा दिनविशेष आणि दोन शिक्षक

दिवाळीची सुट्टी संपवून मुले शाळेत परततात, तेव्हा गोव्यातील खेड्यांत भातकापणी उरकत आलेली असते. तुळशीवृंदावनांना नवा रंग चढलेला असतो आणि मोठ्यांना जत्रांचे वेध लागलेले असतात. शाळेचे दुसरे सत्र सुरू होते आणि त्याची घडी नीट बसते न बसते तोच 14 नोव्हेंबर उजाडतो. तिथून 20 नोव्हेंबरपर्यंतचे सात दिवस हा प्राथमिक शाळेच्या वर्षातील सर्वांत गजबजलेल्या आठवड्यांपैकी एक असतो. फळ्याच्या कोपऱ्यात रोज नवा दिनविशेष लिहिला जातो, परिपाठाला रोज नवे भाषण होते आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज नवी छायाचित्रे येऊन पडतात.

ती छायाचित्रे पाहून काही पालक सुखावतात. काहींच्या मनात मात्र प्रश्न उभा राहतो, की एवढे कार्यक्रम होत असतील तर ही मंडळी शिकवतात कधी? हा प्रश्न शाळेविषयीच्या रागातून येत नाही. तो मुलाच्या काळजीतून येतो, म्हणून त्याला गंभीरपणे उत्तर द्यायला हवे. या आठवड्यात कोणकोणते दिवस येतात, ते साजरे करण्यात शाळेचा किती वेळ जातो आणि तो वेळ मुलांच्या पदरात कसा पाडता येतो, याची ही मांडणी.

हे दिवस कुठून आले?

14 नोव्हेंबर हा पंडित जवाहरलाल नेहरू यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म 1889 चा. 1964 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर हाच दिवस देशभर बालदिन म्हणून पाळण्याची प्रथा पडली. याच तारखेपासून राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह सुरू होतो आणि तो 20 नोव्हेंबरपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 15 नोव्हेंबरला, बिरसा मुंडा यांची जयंती असते. त्यांचा जन्म 1875 चा. 2021 पासून हा दिवस जनजातीय गौरव दिन म्हणून पाळला जातो. भारतीय वृत्तपत्र परिषदेचे काम 16 नोव्हेंबर 1966 रोजी सुरू झाले, त्याची आठवण म्हणून 16 नोव्हेंबर हा राष्ट्रीय पत्रकार दिन ठरला. 19 नोव्हेंबर ही इंदिरा गांधी यांची जयंती. ती राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून पाळली जाते आणि त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला जागतिक शौचालय दिनही येतो. 20 नोव्हेंबर हा बालहक्कांचा दिवस. 1959 मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि 1989 मध्ये याच तारखेला बालहक्क संहिता संमत केली. भारत 1992 मध्ये या संहितेत सामील झाला.

सहा दिनविशेष आणि त्यांना कवेत घेणारा एक सप्ताह असा हा ऐवज आहे. प्रत्येक दिवसामागे स्वतंत्र इतिहास आहे आणि प्रत्येकाचे स्वतंत्र महत्त्व आहे. अडचण एवढीच, की हे दिवस ठरवणाऱ्यांनी एकमेकांना विचारून ते ठरवलेले नाहीत. त्यांची मोळी शाळेलाच बांधावी लागते.

वेळेचे गणित

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. या कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. आपल्या सात दिवसांतला एक रविवार वगळला तर सहा दिवसांचे 24 तास उरतात. वर्षभराच्या अध्यापनाचा हा बरोबर तीन टक्के भाग होतो.

तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण एखाद्या नाचाच्या किंवा भाषणाच्या तयारीला रोज दीड तास दिला, तर सहा दिवसांत नऊ तास जातात आणि आठवड्याच्या वेळेतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळ तिथेच खर्ची पडतो. असे आठवडे वर्षात एकदाच येत नाहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव येतो, सप्टेंबरात शिक्षक दिन आणि पोषण माह, डिसेंबरात मुक्तिदिन आणि त्याच्या आगेमागे स्नेहसंमेलन, फेब्रुवारीत मातृभाषा दिन, मराठी भाषा गौरव दिन आणि विज्ञान दिन. पालकांच्या प्रश्नात तथ्य आहे, ते इथे.

आता दुसरी बाजू पाहू. सत्तरी, सांगे, धारबांदोडा किंवा काणकोण यांसारख्या तालुक्यातील एखादी लहान मराठी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते चौथी असे चार वर्ग, पटावर 23 मुले आणि दोन शिक्षक. कायद्याच्या निकषानुसार 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, तेव्हा ही रचना नियमाला धरूनच आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो, की बाईंनी तिसरीला भागाकार शिकवायला घेतला की त्याच खोलीत बसलेल्या चौथीला त्या वेळी काहीतरी काम हवे असते. ते काम पाढे उतरवून काढण्याचे असेल तर मुले कंटाळतात आणि कंटाळलेला वर्ग शेजारच्या वर्गालाही शिकू देत नाही. मुले स्वतःहून, गटाने आणि वेगवेगळ्या वयाची एकत्र करू शकतील अशा कामाची या शाळेला बारा महिने गरज असते. उपक्रम नेमके तेच देऊ शकतात. एका वर्गात एकच इयत्ता असलेल्या मोठ्या शाळेला जी चैन वाटावी, ती दोन शिक्षकी शाळेची निकड असते.

कुरणातली शाळा

उपक्रमांतून शिकणे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही आणि ती आजचीही नाही. 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. तोच पुढे नयी तालीम म्हणून ओळखला गेला. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. पाने, बिया, शंख-शिंपले आणि खडे ही तिथली शैक्षणिक साधने होती. विकत आणलेले काही नव्हते, पण प्रत्येक वस्तूमागे शिक्षिकेचा हेतू होता.

शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमातही कृती, शोध आणि अनुभव यांतून शिकण्यास स्थान दिलेले आहे. त्याच कलमात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्याचाही उल्लेख आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पायाभूत साक्षरता आणि अंकज्ञान यांवर भर दिला आणि त्यासाठी 5 जुलै 2021 रोजी निपुण भारत ही मोहीम सुरू झाली. दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी या मोहिमेची उद्दिष्टे आहेत. कोणताही उपक्रम तोलून पाहायचा असेल तर ही तराजू उपयोगी पडते. आठवडा संपल्यावर मूल थोडे अधिक वाचू, लिहू आणि मोजू लागले का, हा तो तोल.

एका भिंतीवरचे वर्तमानपत्र

सहा दिवसांचे सहा वेगळे कार्यक्रम करायचे ठरवले तर दोन शिक्षकांची दमछाक होणारच. त्याऐवजी साऱ्या आठवड्याला एकच काम द्यावे आणि प्रत्येक दिनविशेषाने त्या कामात आपला वाटा घालावा. यासाठी भित्तिपत्रकासारखे दुसरे साधन नाही. जुन्या दिनदर्शिकांची कोरी पाठ, खळ, स्केचपेन आणि व्हरांड्यातली मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरची एक भिंत, एवढ्यावर भागते. 14 तारखेला भिंत कोरी असते आणि 20 तारखेला ती भरलेली असते. मधल्या दिवसांत काय घडावे, ते पाहू.

पहिला दिवस पुस्तकांचा. बालदिन आणि ग्रंथालय सप्ताह यांची सुरुवात एकत्रच होते, हा योग साधून घ्यावा. कुलुपबंद कपाटातली पुस्तके सतरंजीवर पसरून ठेवावीत आणि प्रत्येक मुलाला आपले पुस्तक आपणच निवडू द्यावे. निवडण्याची एक सोपी रीत आहे. पुस्तकाचे कोणतेही एक पान उघडायचे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पाचही बोटे मिटली तर पुस्तक आज जरा जड आहे, दुसरे घ्यायचे. देवघेवीची वही चौथीच्या मुलांनी सांभाळावी. नाव, तारीख, पुस्तक घेतल्याची आणि परत केल्याची सही, हे सारे लेखनच आहे. दिवसाच्या शेवटी बाईंनी किंवा सरांनी पंधरा मिनिटे स्वतः एखादी गोष्ट वाचून दाखवावी. भित्तिपत्रकात त्या दिवशी 23 ओळी जमतात. ‘मी कोणते पुस्तक घेतले आणि का’ याची प्रत्येकाची एक ओळ. पहिलीतल्या मुलाने पुस्तकाचे फक्त नाव लिहिले तरी ती त्याची ओळ झाली.

याच निमित्ताने मुलांना एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत गणना होणारे ग्रंथालय आपल्या पणजीत आहे. 1832 मध्ये पोर्तुगीज राजवटीत त्याची स्थापना झाली. आज ते सोळाव्या शतकात मराठीत श्रीकृष्णचरित्रकथा लिहिणाऱ्या केळशीच्या कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते आणि तिथे मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे. खेड्यातून पणजी लांब असेल. पण आपल्या शाळेतली पुस्तकांची पेटी हे त्याच घराण्यातले धाकटे भावंड आहे, हे मुलांना समजू शकते.

दुसरा दिवस गावातल्या वडीलधाऱ्यांचा. जनजातीय गौरव दिनी मुलांना पिसे खोचून आणि अंगाला रंग फासून उभे करण्याची चाल बऱ्याच ठिकाणी दिसते. गोव्यात तिचा फेरविचार व्हायला हवा. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. आपल्या अनेक ग्रामीण शाळांत या समाजांची मुले त्याच बाकांवर बसलेली असतात. आपल्या आजीचा वेष वर्गमित्राने सोंग म्हणून चढवलेला पाहताना त्या मुलाला काय वाटत असेल? त्यापेक्षा त्या आजीलाच शाळेत बोलवावे. तिला डोंगरातल्या कंदांची नावे ठाऊक असतात, पावसाळ्यातल्या रानभाज्या कधी खुडायच्या हे ठाऊक असते, धालो कसे मांडतात ते ठाऊक असते. मुलांनी आदल्या दिवशी पाच प्रश्न लिहून ठेवावेत आणि उत्तरे ऐकून टिपून घ्यावीत. बिरसा मुंडा यांची गोष्ट त्यानंतर सांगितली, तर रान आणि जमीन यांसाठी माणसे का झगडतात हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आजी अर्थातच कोंकणीत बोलेल. इथे गोव्यातील मराठी शाळेच्या रोजच्या कामातला एक नाजूक धागा हाती येतो. बहुतेक मुलांच्या घरची बोली कोंकणी असते. काही मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी असते. पुस्तकातली मराठी त्यांना परकी नसली तरी ती आपोआप येणारीही नसते. अशा वेळी फळ्यावर दोन रकाने आखावेत. आजीचा शब्द एकीकडे, पुस्तकातला दुसरीकडे. उदक आणि पाणी, शीत आणि भात, नुस्तें आणि मासे. कन्नड घरातल्या मुलाने तिसरा रकाना सुरू केला तर उत्तमच. कोणताही शब्द खोडायचा नाही आणि कोणालाही हसायचे नाही. घरची भाषा शाळेच्या भिंतीवर लिहिलेली पाहिली, की मूल शाळेच्या भाषेलाही लवकर आपले म्हणू लागते. राष्ट्रीय एकात्मता दिनाचे भाषण 19 तारखेला होईल तेव्हा होवो, त्या दिनाचा खरा पाठ हा शब्दकोश देतो.

तिसरा दिवस बातमीचा. राष्ट्रीय पत्रकार दिन प्राथमिक शाळेत फारसा कोणी मनावर घेत नाही. पण भित्तिपत्रकाच्या आठवड्यात त्याच्याइतका कामाचा दुसरा दिवस नाही. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसे हे सहा प्रश्न मुलांना द्यावेत आणि गावातली किंवा शाळेतली एक बातमी आणायला सांगावी. चौथीतले मूल प्रथम लिहील, ‘शाळेत साप आला.’ मग बाकीच्यांनी सहा प्रश्न विचारायचे. उत्तरे मिळत गेली की बातमी अशी होते : ‘मंगळवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या नळाजवळ दिवड दिसली. दिवड विषारी नसते. सरांनी मुलांना लांब उभे केले. थोड्या वेळाने ती गवतात निघून गेली.’ वृत्तपत्राच्या कचेरीत नवख्या वार्ताहराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते यापेक्षा फार निराळे नसते. ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हा भेद नवव्या वर्षी कळला तर तो जन्मभर पुरतो.

चौथा आणि पाचवा दिवस मोजमापाचा. 17 आणि 18 तारखांना फारसा गाजणारा दिनविशेष नाही, म्हणून गणिताला मोकळी जागा मिळते. मधल्या सुट्टीत स्वयंसाहाय्य गटाकडून येणारा आहार मुलांच्या रोजच्या ओळखीचा आहे. केंद्राच्या पोषण योजनेच्या निकषानुसार प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेले असते. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. मग 23 मुलांसाठी किती? चौथीच्या मुलांनी गुणाकार करावा. धान्य 2 किलो 300 ग्रॅम, डाळ 460 ग्रॅम, भाजी 1 किलो 150 ग्रॅम, तेल 115 ग्रॅम. तिसरीने ताजव्यात तोलून पाहावे, दुसरीने दहा-दहा बियांच्या राशी कराव्यात, पहिलीने मोजावे. चार वर्ग, एकच विषय आणि प्रत्येकाला आपापल्या कुवतीचे काम. आहार आणणाऱ्या ताईंनाही मुलांनी एक-दोन प्रश्न विचारले, तर पोळी-भाजीमागे किती हात राबतात हे त्यांना कळते.

सहावा दिवस पाण्याचा. जागतिक शौचालय दिनी घोषणा देत फेरी काढण्यापूर्वी मुलांनी आपल्याच शाळेचे स्वच्छतागृह पाहून यावे. दाराला कडी आहे का, आत पाणी आहे का, हात धुवायला साबण आहे का, मुलींसाठी वेगळी सोय आहे का, याची यादी करावी. नळ गळत असेल तर त्याखाली एक लिटरची बाटली धरावी आणि ती भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. अर्ध्या तासात भरली तर दिवसाला 48 लिटर पाणी वाया जाते, हे गणित चौथीला सहज येते. तो आकडा भित्तिपत्रकावर लागला, की नळ दुरुस्त करण्यासाठी पंचायतीला लिहायच्या पत्राचा मजकूर जवळपास तयारच असतो. ते पत्र मुलांनी लिहावे आणि मुख्याध्यापकांनी पुढे पाठवावे.

सातवा दिवस मुलांच्या म्हणण्याचा. बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात, आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क मान्य केलेला आहे आणि एकतिसाव्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा. हे कलमांचे आकडे मुलांकडून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी बालसभा भरवावी. आठवड्यात काय आवडले, काय आवडले नाही आणि शाळेत कोणती एक गोष्ट बदलायला हवी, यावर मुलांनी बोलावे आणि हात वर करून निर्णय घ्यावा. एखादी छोटी मागणी शिक्षकांनी लगेच मान्य करावी. वाचनाचा तास रोज ठेवा, एवढीच ती असू शकते. आपण बोललो आणि काही बदलले, हा अनुभव कोणत्याही भाषणापेक्षा खोल रुजतो. त्यानंतर पालकांना बोलावून भित्तिपत्रक दाखवावे. प्रत्येक मुलाने आपली ओळ किंवा आपली बातमी आपल्याच आई-वडिलांना वाचून दाखवावी.

कुठे बिनसते?

हाच आठवडा वाया कसा जातो, तेही समजून घेण्याजोगे आहे. पहिली खूण म्हणजे पाठ केलेले भाषण. मोठ्यांनी लिहिलेले, मुलाला अर्थ न कळलेले आणि एका दमात म्हटलेले. दुसरी खूण म्हणजे तीच ती मुले. धीट आणि स्पष्ट बोलणारी दोन-तीन मुले प्रत्येक कार्यक्रमात पुढे असतात आणि जिला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलगी टाळ्या वाजवायला मागे बसते. तिसरी खूण पालकांच्या खिशाशी संबंधित आहे. भाड्याची वेषभूषा आणि दुकानातून विकत आणलेले तक्ते यांचा खर्च रोजंदारीवर जाणाऱ्या घराला जड जातो. शिवाय विकतच्या तक्त्यातून मूल काहीच शिकत नाही. चौथी खूण छायाचित्रांची. वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठवायचा असतो, त्यासोबत छायाचित्रे लागतात आणि मग हळूहळू छायाचित्रासाठीच कार्यक्रम होऊ लागतो. खड्ड्यात रोप ठेवून दहा जणांनी त्याला हात लावलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या रोपाला मार्चमध्ये पाणी कोणी घातले, हे कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही.

याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोन शिक्षकांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचे कामही असते. नोंदी, माहिती, बैठका आणि प्रशिक्षणे त्याच्याच वाट्याला येतात. एक जण बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या हाती उरतात. अशा शाळेला दिनविशेषांची परिपत्रके एकामागून एक पाठवण्यापेक्षा, ‘या आठवड्यातील सर्व दिवस मिळून एकच उपक्रम केला आणि एकच अहवाल दिला तरी चालेल,’ असे एक परिपत्रक मिळाले, तर कितीतरी तास वाचतील. त्याला वेगळा निधी लागत नाही.

पालकांनीही प्रश्न थोडा बदलून पाहावा. ‘आज शाळेत कार्यक्रम काय झाला?’ असे विचारले की मूल ‘बालदिन’ म्हणते आणि संभाषण संपते. ‘आज तू काय लिहिलेस?’, ‘कोणते पुस्तक आणलेस?’, ‘ते मला वाचून दाखवतोस का?’ असे विचारले, तर शाळेत खरोखर काय घडले ते पाच मिनिटांत कळते. कायद्याने शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तिथे कार्यक्रमांच्या खर्चाइतकीच वाचनाचीही चर्चा होऊ शकते.

पणाला काय लागले आहे?

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळेच्या मागे मोठा वारसा आहे. मुक्तीपूर्वी पोर्तुगीज अमलात गावकऱ्यांनी देवळांच्या आवारात, घरांच्या पडव्यांत मराठी शाळा चालवल्या. गुरुजींची राहण्याजेवण्याची सोय गावच करी. डिसेंबर 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर यांचे पहिले लोकनियुक्त सरकार आले आणि पुढच्या काही वर्षांत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. त्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या होत्या. आज ज्यांचे वय साठीच्या आसपास आहे, अशा कितीतरी गोमंतकीयांच्या घरातील पहिले अक्षर त्या शाळांत गिरवले गेले. पुढे माध्यमाचा वाद झाला. 1990 च्या सुमारास प्राथमिक स्तरावर देशी भाषांच्या शाळांपुरते अनुदान ठेवण्याचे धोरण आले आणि 2011 मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. दरम्यान घरांतील मुलांची संख्या घटली, पालकांच्या आकांक्षा बदलल्या आणि अनेक गावांतील शाळांचा पट इतका उतरला की काही शाळा बंद पडल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन झाल्या.

या स्थितीत टिकून राहिलेल्या शाळांना आपण जिवंत आहोत हे दाखवावेसे वाटते. कार्यक्रमांच्या गर्दीमागे हीही एक धडपड असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण कोणत्या शाळेत मुलाला घालायचे हे ठरवणारी आई छायाचित्रे पाहून निर्णय घेत नाही. शेजारच्या घरातली तिसरीतली मुलगी दुकानावरची पाटी न अडखळता वाचते का आणि सुटे पैसे बरोबर मोजून आणते का, हे ती पाहते. लहान शाळेची खरी जाहिरात तीच. 23 मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाचे नाव, घर, घरची भाषा आणि अडलेला शब्द शिक्षकाला ठाऊक असतो. मोठ्या शाळेला न परवडणारे हे बळ उपक्रमांच्या आठवड्यात कामाला लागले, तर त्या आठवड्याने शाळेचा वेळ खाल्ला असे कोणी म्हणणार नाही.

21 नोव्हेंबरला शाळा पुन्हा आपल्या रुळावर येते. पताका उतरतात, सतरंजी गुंडाळून ठेवली जाते, अहवाल पाठवून होतो. व्हरांड्यातले भित्तिपत्रक मात्र तसेच राहू द्यावे. दप्तर पाठीला लावून आत शिरणारी मुले त्याच्यासमोर थबकतील. प्रथम स्वतःची ओळ शोधतील, मग मित्राची, मग ती दिवडीची बातमी पुन्हा एकदा. ज्या मुलाला 14 तारखेला पुस्तकाचे फक्त नाव लिहिता आले होते, तो एक बोट अक्षरांखाली सरकवत दुसऱ्याची ओळ वाचू लागला, तर बाईंनी घंटा दोन मिनिटे उशिरा वाजवायला हरकत नाही.